तळघरातला पांढरा लेसर

सकाळी ८:००

पावसाळ्यात आमच्या लॅबचा दिवस सुरू होतो तो हवेची चौकशी करण्यापासून. पुण्यातला जुलै, त्यात लॅब तळघरात. दार उघडलं की नजर आधी भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे जाते. तापमान २२ अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत, हा आमचा नियम. रात्री वीज गेली होती का, गेली असेल तर एसी पुन्हा चालू झाला का, हे वॉचमनकाकांकडून समजतं. डीह्युमिडिफायरची टाकी काठोकाठ भरलेली असते, ती रिकामी करायची. छत्र्या, रेनकोट, ओल्या चपला दाराबाहेर. डोक्याला टोपी, पायात आतल्या स्लीपर.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे. माझ्या ताब्यातले बाकीचे लेसर एकरंगी आहेत. हिरवा तो हिरवाच, लाल तो लालच. एक मात्र पांढरा आहे. निळ्याजांभळ्यापासून, म्हणजे साधारण ४०० नॅनोमीटरपासून, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात २४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांब्या त्याच्या एकाच बारीक बीममधून बाहेर पडतात. याला सुपरकंटिन्युअम म्हणतात. साध्या बल्बमध्येही पुष्कळ रंग असतात, पण बल्बचा प्रकाश चहूकडे पांगतो, कितीही भिंगं लावली तरी तो एका मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा होत नाही. हा होतो. रंगांची रुंदी दिव्याची आणि शिस्त लेसरची, हे दोन्ही एकत्र लागतं अशी कामं आहेत, म्हणून हे यंत्र आहे.

८:३०

किल्ली फिरवली, दाराबाहेरचा लाल दिवा लागला, इंटरलॉक तपासला. दार उघडलं की शटर पडलंच पाहिजे. नाही पडलं तर त्या दिवशी काम बंद, मग बाहेर कोणीही थांबलेलं असो.

या पांढऱ्या लेसरच्या खोक्यात एक छोटा फायबर लेसर आहे. काचेच्या धाग्यात यटर्बियम मिसळलेलं, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. तो सेकंदाला ८ कोटी पल्स सोडतो, एकेक पल्स काही पिकोसेकंदांची. त्या वाढवून, पोसून शेवटी काही मीटर लांबीच्या एका खास फायबरमध्ये सोडल्या जातात, आणि अवरक्त म्हणून आत गेलेलं पलीकडून पांढरं होऊन बाहेर येतं. आत काय घडतं ते दुपारच्या टेबलावर सांगते, तिथे ते हाताने करता येतं. हे खोकं सीलबंद आहे. उघडलं की वॉरंटी गेली.

गरम व्हायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात रजिस्टर भरायचं.

९:००

थोडा प्रकाश स्पेक्ट्रोमीटरकडे वळवला की पडद्यावर लांबच लांब पठार दिसतं आणि १०६४ ला एक उंच सुळका. तो सुळका म्हणजे मूळ प्रकाशाचा न बदललेला भाग. मी रोज ४५०, ५५० आणि ६५० नॅनोमीटरला किती प्रकाश मिळाला ते लिहून ठेवते. ५५० आणि ६५० चे आकडे वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत, ४५० चा मात्र हळूहळू उतरतो. इतका तीव्र प्रकाश सतत वाहिला की काचेतच सूक्ष्म दोष तयार होतात आणि ते निळ्या टोकाचा प्रकाश शोषू लागतात. एका दिवसात हे कळत नाही, रजिस्टरची पानं मागे उलटली की कळतं. कॉम्प्युटरवर नोंद होतेच. तरी हाताने लिहिण्याचा माझा आग्रह आहे, कारण आकडा लिहिणारा माणूस तो आकडा बघतो.

९:३०

आज पीएच.डी.चे दोन नवे विद्यार्थी आले आहेत. त्यांना सुरक्षेचे नियम सांगणं हे माझं दिवसातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि त्यात मी घाई करत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, गॉगल कुठला घालायचा?’

हिरव्या लेसरसाठी नारिंगी काचेचा गॉगल असतो. तो ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश दहा लाखपट कमी करतो आणि बाकीचे रंग येऊ देतो, म्हणून टेबलही दिसतं आणि डोळेही वाचतात. या पांढऱ्या लेसरला असा गॉगल नाही. सगळे रंग अडवणारी काच म्हणजे डोळ्यावर पट्टीच. मग संरक्षण डोळ्यावर न ठेवता बीमवर ठेवावं लागतं. बाहेर आल्या आल्या बीम एका खास आरशावर पडतो. दिसणारा भाग पुढे जातो, नको असलेलं अवरक्त बाजूच्या काळ्या धातूच्या सापळ्यात जिरतं. पुढचा सारा मार्ग नळ्या आणि डबे लावून बंद केलेला. उघड्यावर जुळवाजुळव करायची तर अगदी कमी पॉवरवर, आणि कागद धरून बीम शोधायचा.

दिसणाऱ्या प्रकाशाची तिरीप डोळ्यात गेली तर पापणी मिटते. अवरक्ताला पापणी मिटत नाही, कारण ते गेल्याचं कळतच नाही. ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याचं भिंग थेट नेत्रपटलावर गोळा करतं. त्यातला सातशेच्या पुढचा जवळपास सगळा भाग न दिसणारा आहे. हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. जे झगमगतं त्याला सगळे घाबरतात, धोका बराचसा न दिसणाऱ्या भागात आहे.

मग बारीकसारीक गोष्टी. घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवायची, त्यांच्यावरून बीम कुठेही परावर्तित होईल. लेसर चालू असताना टेबलाशी खुर्चीवर बसायचं नाही, कारण बसलं की डोळे नेमके बीमच्या उंचीवर येतात. आणि स्क्रू खाली पडला, तर आधी शटर बंद, मग वाकायचं. मी मुद्दाम एक स्क्रू पाडते आणि मुलं काय करतात ते बघते. दोघांपैकी एक झटकन वाकला. आधी शटरकडे हात गेल्याशिवाय त्याला एकट्याने काम करायची परवानगी मिळणार नाही.

११:००

जीवशास्त्राची विद्यार्थिनी तिच्या पेशी घेऊन आली. पेशींमधल्या एका प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलेलं आहे. तिला चमक किती आहे हे नको आहे, ती किती वेळ टिकते हे हवं आहे. प्रकाश पडल्यानंतर जीएफपी साधारण अडीच नॅनोसेकंद चमकतं. शेजारी योग्य रंगद्रव्य जोडलेलं दुसरं प्रथिन येऊन चिकटलं की हा काळ घटतो. म्हणजे दोन प्रथिनं भेटली की नाही हे घड्याळाने कळतं, आणि रंगद्रव्य कमी-जास्त असलं तरी उत्तर बिघडत नाही.

यासाठी पल्स लागतात, आणि आमच्या लेसरच्या दोन पल्समध्ये साडेबारा नॅनोसेकंदांचं अंतर आहे. अडीच नॅनोसेकंदांची चमक त्यात आरामात विझते. कोणी वीस-तीस नॅनोसेकंद चमकणारे क्वांटम डॉट आणले, तर पहिली चमक विझायच्या आत दुसरी पल्स येऊन थडकते, तेव्हा मधल्या पल्स गाळाव्या लागतात.

तिला ४८८ नॅनोमीटर हवेत. पांढऱ्यातून तेवढाच रंग वेगळा काढायला टेल्युरियम डायऑक्साइडचा स्फटिक आहे. त्याला रेडिओ लहरींचा संकेत दिला की स्फटिकात ध्वनिलहरी उमटतात आणि त्या ठरावीक रंगाला बाजूला वळवतात. संकेत बदलला की रंग बदलतो, काही मायक्रोसेकंदांत. एका वेळी आठ रंगसुद्धा काढता येतात. पूर्वी ४८८ साठी आर्गॉन वायूचा लेसर, ६३३ साठी हेलियम-निऑनचा, असा एकेका रंगाला एकेक लेसर ठेवावा लागे, आणि मधल्या रंगाचं द्रव्य कोणी आणलं तर नाही म्हणावं लागे. आता कोणी ५१५ मागितलं तर मी ५१५ देते.

तिचं काम दोन तास चालेल. तिला मी लागणार नाही.

दुपारी १:००

डबा. जेवताना नवे विद्यार्थी विचारतात, हे पहिल्यांदा कोणी केलं? १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेसाइडच्या जीटीई प्रयोगशाळेत रॉबर्ट अल्फानो आणि स्टॅन्ली शपिरो यांनी हिरव्या लेसरच्या पिकोसेकंद पल्स काचेच्या तुकड्यात सोडल्या आणि पलीकडे ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पांढरा प्रकाश मिळाला. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिन आणि स्टोलन यांनी तो फायबरमध्ये मिळवला. पण खरं वळण १९९६ चं आहे. इंग्लंडात साउदॅम्प्टनला फिलिप रसेल यांच्या गटाने गाभ्याभोवती लांबीभर सूक्ष्म छिद्रं असलेला काचेचा धागा ओढून दाखवला. त्यालाच फोटॉनिक क्रिस्टल फायबर म्हणतात. २००० सालच्या आरंभी बेल लॅब्जच्या रांका, विंडलर आणि स्टेंट्झ यांनी अशा फक्त ७५ सेंटिमीटर फायबरमधून जांभळ्यापासून अवरक्तापर्यंतचा प्रकाश काढल्याचं प्रसिद्ध केलं, तेही टेबलावरच्या साध्या लेसरच्या इवल्याशा पल्स वापरून. तोवर या कामाला मोठे, अवजड लेसर लागत. त्यानंतर हे काम कुठल्याही बऱ्या लॅबच्या आवाक्यात आलं.

२:००

जेवणानंतर जुनं टेबल. इथे आम्ही तोच पांढरा प्रकाश सुट्या भागांपासून बनवतो. खोकं असताना हा उद्योग कशाला, असं मला अनेकदा विचारलं जातं. माझ्या मते, ज्याने हे एकदा हाताने केलं नाही त्याला खोक्यातला प्रकाश वापरता येतो, पण बिघडला तर तो का बिघडला हे सांगता येत नाही.

आधी फायबर कापायचं. वरचं प्लास्टिकचं आवरण सोलून काढायचं आणि काच कोरड्या कागदाने पुसायची. साध्या फायबरची सवय असलेला विद्यार्थी इथे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटलीकडे हात नेतोच, आणि मी तो अडवते. या फायबरला छिद्रं आहेत. टोकाला थेंब लागला की केशाकर्षणाने तो आत ओढला जातो आणि तेवढं फायबर वाया जातं. टोक घाण झालं तर धुवायचं नाही, नव्याने कापायचं. पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. उघड्या टोकातून दमट हवा आत शिरते आणि १३८० नॅनोमीटरच्या आसपास वर्णपटात पाण्याची खाच पडते. म्हणून काम संपलं की टोकं वितळवून बंद करून ठेवतो. सकाळी आर्द्रतेसाठी एवढा जीव टाकते तो याचसाठी.

हिऱ्याच्या पात्याने एक ओरखडा, हलका ताण, टच्च असा बारीक आवाज. मग टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पृष्ठभाग सपाट हवा. षटकोनात मांडलेली छिद्रांची वर्तुळं, आणि मधोमध एक छिद्र नसलेली जागा. तोच गाभा, दोन मायक्रॉनचा. पहिला काप तिरका गेला. दुसराही. तिसरा चांगला आला.

आता टायटॅनियम-सफायर लेसरचा ८०० नॅनोमीटरचा बीम त्या दोन मायक्रॉनमध्ये उतरवायचा. मध्ये फॅरडे आयसोलेटर लावलेला असतो, नाहीतर फायबरवरून मागे गेलेला प्रकाश लेसरची पल्सच मोडतो. पॉवर आधी अगदी कमी. तीन दिशांचे मायक्रोमीटर एकेक करून फिरवायचे, नजर पॉवर मीटरच्या आकड्यावर. विद्यार्थी तिन्ही स्क्रू एकदम फिरवू बघतात. असं केलं की जे सापडलं होतं तेही हरवतं. एक स्क्रू, एक दिशा, आकडा सगळ्यांत वर गेला की पुढचा. आज सुमारे चाळीस टक्के प्रकाश आत गेला. या फायबरला एवढा पुरे.

मग पॉवर वाढवायची. बाहेरचा ठिपका आधी मंद लाल असतो. जराशी पॉवर वाढवली की मधोमध हिरवट झाक येते, आणखी वाढवली की सारे रंग मिसळून ठिपका पांढरा होतो. टेबलावर पडलेलं फायबरसुद्धा लांबीभर चमकू लागतं, आणि त्याचा रंग जागोजाग वेगळा असतो. दोघेही नवे विद्यार्थी इथे गप्प झाले. मीही दर वेळी थांबून बघते.

हिशेब सांगते. एका पल्सची ऊर्जा दीड नॅनोज्यूल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण ती १०० फेम्टोसेकंदांत कोंबलेली आहे. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग. त्यामुळे त्या क्षणापुरती शक्ती १५ किलोवॅट होते. ती दोन मायक्रॉनच्या गाभ्यात गेली की चौरस सेंटिमीटरमागे ५० हजार कोटी वॅटच्या घरात पोचते. एवढ्या तीव्रतेला काच तटस्थ राहत नाही, तिचा अपवर्तनांक प्रकाशाप्रमाणे बदलतो. पल्स स्वतःच बदललेल्या काचेतून जाते आणि तिच्यात नवे रंग उमटतात.

पण एवढ्याने काम होत नाही. काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने धावतात, त्यामुळे पल्स पसरते आणि तीव्रता संपते. साध्या काचेत हे पसरणं १३०० नॅनोमीटरच्या जवळ शून्य होतं आणि त्याच्या पुढे उलट दिशेचं होतं. या उलट्या बाजूला पसरण्याची ओढ आणि तीव्रतेची ओढ एकमेकींना तोलतात आणि पल्स न पसरता पुढे जाते. रस्त्यावरच्या गर्दीत भरभर चालणारे आणि रेंगाळणारे एकमेकांपासून लांबत जातात, पण वारीतली दिंडी टाळांच्या ठेक्यावर अख्खी पुढे सरकते, तसं. अशा पल्सला सोलिटॉन म्हणतात. ८०० नॅनोमीटरला साध्या फायबरमध्ये सोलिटॉन तयारच होत नाही. छिद्रांच्या जाळीमुळे तो शून्याचा बिंदू १३०० वरून ७५० च्या आसपास खाली येतो आणि ८०० नॅनोमीटर हव्या त्या बाजूला पडतो. छिद्रं आहेत ती यासाठी.

आमची पल्स एका सोलिटॉनला झेपणारी नाही. पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच ती अनेक सोलिटॉनमध्ये फुटते. प्रत्येक सोलिटॉन स्वतःच्याच निळ्या भागातली ऊर्जा लाल भागाला देत अवरक्ताकडे सरकत जातो. हा रामन परिणाम, १९२८ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी द्रवांमध्ये पाहिलेला तोच. आणि फुटताना प्रत्येक सोलिटॉन निळ्या-हिरव्या बाजूला थोडा प्रकाश टाकून जातो. तीच ती मघाची हिरवट झाक.

वर्णपट इतका रुंद झाला की त्याच्या एका टोकाची कंप्रता दुसऱ्या टोकाच्या दुप्पट होते. मग लाल टोकाची कंप्रता स्फटिकात दुप्पट करून निळ्या टोकाशी ताडून पाहता येते, आणि प्रकाशाच्या लहरी थेट मोजता येतात. फ्रीक्वेन्सी कोंब नावाची प्रकाशाची मोजपट्टी याच ताडून पाहण्याने पक्की होते. जॉन हॉल आणि थिओडोर हान्श यांना २००५ च्या नोबेलमधला वाटा मिळाला त्या कामात या प्रकाशाचा मोठा हात आहे. आज प्रकाशाच्या लहरींवर चालणाऱ्या घड्याळांना हा कोंब लागतो.

४:३०

एका औषध कंपनीने गोळ्या पाठवल्या आहेत. गोळीवरचा लेप सगळीकडे सारख्या जाडीचा आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न, आणि गोळी न फोडता उत्तर हवं. प्रकाशाचे दोन भाग करायचे. एक आरशावर, एक गोळीवर. दोन्ही परत येऊन भेटले की त्यांच्या व्यतिकरणावरून कुठला थर किती खोल आहे ते कळतं. हेच ओसीटी, डोळ्यांच्या दवाखान्यात नेत्रपटल तपासतात ते. वर्णपट जितका रुंद तितका खोलीचा तपशील बारीक. दवाखान्यातल्या यंत्राला साधारण पाच मायक्रॉनचा थर वेगळा ओळखता येतो. आमच्या पांढऱ्या प्रकाशातून ८०० नॅनोमीटरभोवतीचा २०० नॅनोमीटरचा पट्टा घेतला की हा आकडा हवेत दीड मायक्रॉनच्याही खाली येतो.

पण पांढऱ्या गोळ्यांच्या लेपात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो प्रकाश भयंकर विखुरतो. ८०० नॅनोमीटरला लेपाचा तळ दिसेना. पट्टा १३०० कडे नेला, तळ दिसू लागला, मात्र तपशील पावणेचार मायक्रॉनपर्यंत सैल झाला. जाडी मोजायला तेवढा चालतो. कंपनीला दोन्ही चित्रं पाठवेन.

इथे या प्रकाशाचा एक दोषही सांगायला हवा. स्पेक्ट्रोमीटरवर स्थिर दिसणारं ते पठार कोट्यवधी पल्सची सरासरी असतं. खोक्यातल्या लांब पल्स फुटतात त्या काचेतल्या आणि लेसरमधल्या सूक्ष्म गोंगाटापासून, त्यामुळे एक पल्स दुसरीसारखी नसते. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या गटाने त्यात अधूनमधून उसळणाऱ्या अतिप्रचंड पल्स नोंदवल्या आणि समुद्रातल्या राक्षसी लाटांशी त्यांचं नातं दाखवलं. आमच्या ओसीटीच्या चित्रात हाच गोंगाट दाणेदार खरखर होऊन उतरतो. गोळ्यांना त्याची फिकीर नाही. नेत्रपटलाच्या नाजूक थरांना आहे, म्हणून दवाखान्यांत अजून साध्या डायोडचा प्रकाश वापरतात, आणि मला तो निर्णय पटतो.

६:३०

शटर, पॉवर शून्य, किल्ली काढून कपाटात. फायबरची टोकं वितळवून बंद केली. रजिस्टरमध्ये ४५० चा आकडा संध्याकाळचाही लिहिला. सकाळी वाकलेला विद्यार्थी निघताना म्हणाला, ‘मॅडम, उद्या काप मी घेऊ?’ घे म्हटलं.

हे ज्ञान आपल्यापासून लांब नाही, एवढं सांगायचं आहे. मुंबईत टीआयएफआरमध्ये दीपक माथुर आणि आदित्य धर्माधिकारी यांच्या गटाने २००४ मध्ये बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकातून फार कार्यक्षमतेने पांढरा प्रकाश मिळवला. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत विशेष फायबर ओढली जातात. पुण्यात आयुकामध्ये यटर्बियम आयनच्या घड्याळावर काम चालू आहे. तरी आमच्या लॅबमधलं खोकं परदेशी आहे आणि सीलबंद आहे. ते इथे बनायचं असेल तर फायबर कापणारे, स्क्रू एकेक करून फिरवणारे हात पुष्कळ लागतील.

महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुण्या-मुंबईतल्या अनेक संस्था आपली दारं उघडतात. मुलांना घेऊन या, आणि पोस्टर पाहून परत फिरू नका. चालू टेबल दाखवा म्हणून आग्रह धरा, आणि दोन विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला घ्याल का, ते तिथेच विचारा.